घरचे घरी : पाणसळ

या सदरातून आजवर आम्ही वाचकांपुढे जी कामे मांडली, ती बहुतेक आमच्या हातून सुरळीत पार पडलेली होती. खुर्चीला वेत विणणे, गळक्या नळाचा वायसर बदलणे, जुन्या कपाटाला पॉलिश करणे, अशा कामांत अपयश आले तरी त्याचे ओझे फारसे कोणावर पडत नाही. वेत सैल विणला गेला तर उसवून पुन्हा विणता येतो. या खेपेस मात्र आम्ही एका बिघडलेल्या कामाविषयी लिहिणार आहोत. ते बिघडले आमच्याच हातून, आणि त्याचा दोष दोन दिवस आमच्या घरातील आठ वर्षांच्या मुलाने मुकाट्याने आपल्या माथी घेतला होता.

आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारातले. खालचा मजला दगडी फरशीचा, वरचा लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेला. वडील कलाभवनाचे विद्यार्थी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या ज्या संस्थेत दादासाहेब फाळकेही शिकून गेले, तिथेच वडिलांनी आराखडे काढण्याची विद्या संपादन केली. त्यांचे ट्रेसिंगच्या कापडावरील काही आराखडे खालच्या खोलीत एका पत्र्याच्या ट्रंकेत आम्ही जपून ठेवले आहेत. म्हणजे, ठेवले होते. अशा माणसाचे आपण चिरंजीव, तेव्हा चार खांब आणि चार फळ्यांची घडवंची करावयास आपणास कोणाची मदत कशास हवी, असा आमचा समज. या समजापोटीच पुढील सारे घडले.

आमचे चिरंजीव आणि सूनबाई नोकरीनिमित्त दहेजला असतात. नातू शाळेसाठी आमच्याकडे. मुलगा अबोल. शनिवारी आई-वडील येतात, रविवारी संध्याकाळी जातात, आणि सोमवारी सकाळी तो दुधाचा पेला समोर घेऊन बराच वेळ नुसता बसून राहतो. त्याच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही माशांची काचपेटी आणली: तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. सोबत चार सोनमासे. दुकानदार लोखंडी घडवंचीही देत होता. आम्ही ती नाकारली.

जुन्या पलंगाचे पाय आणि माळ्यावरच्या फळ्या यांतून दोन दिवसांत आम्ही घडवंची उभी केली. वरच्या मजल्यावर, खिडकीखाली, खोलीच्या जवळजवळ मध्यावर ती ठेवली. पाणी भरल्यावर दिसले की पाण्याची रेघ एका अंगाला कललेली आहे. आम्ही निम्मे पाणी काढले, एक कोपरा हातांनी उचलून धरला आणि नातवास सांगितले, "वर्तमानपत्राची घडी सार खाली." त्याने ती सारली. रेघ सरळ दिसू लागली. आम्ही आमच्या कल्पकतेवर खूष झालो.

अकराव्या रात्री, अडीचच्या सुमारास, वर एकदाच टक् असा आवाज झाला. आम्ही दिवा लावून वर जाईतो पाणी फळ्यांच्या फटींतून खालच्या खोलीत उतरू लागले होते. नातू आमच्या आधीच तिथे पोहोचला होता आणि अनवाणी पायांनी काचांमधून मासे वेचून बादलीत टाकीत होता. तीन वाचले. खाली ट्रंकेच्या झाकणावर धार लागली होती. ट्रेसिंगच्या कापडाला खळ दिलेली असते. पाणी लागले की ते ढगाळून पांढरे पडते आणि त्यावरची शाई फुटते. वडिलांच्या आराखड्यांपैकी पाच असे गेले.

पण आम्हांस खरे लागले ते तिसऱ्या दिवशी. नातू फोनवर आईला हलक्या आवाजात सांगत होता, "आई, मी त्या दिवशी संध्याकाळी पाणी जास्त घातलं. दोन लोटे. आणि कागद पण मीच ठेवला होता." सौभाग्यवतींनी ते ऐकले आणि आमच्याकडे नुसते पाहिले. दोन दिवस आम्ही पुसापुशी आणि आराखडे वाळवणे यांत गुंतलो होतो. दोष कोणाचा, हे कोणी विचारले नव्हते, म्हणून आम्हीही सांगितले नव्हते. घरात मोठी माणसे गप्प राहिली की लहान मुले तो दोष स्वतःकडे ओढून घेतात. आम्ही त्याच दिवशी ठरविले की काच का फुटली याचा पुराव्यानिशी छडा लावावयाचा, आणि तो नातवाच्या देखत.

वडिलांच्या वेळी आमच्याकडे जे सुतार येत त्यांचे चिरंजीव आता स्वतः मिस्त्री आहेत. ते आले. फुटक्या पेटीभोवती एक फेरी मारून, खाली बसून त्यांनी तळकाचेचे तुकडे जागच्या जागी जुळविले. सर्व तडे एका कोपऱ्यातून पंख्याच्या काड्यांसारखे पसरले होते; त्या कोपऱ्याखाली वर्तमानपत्राची ओली घडी अजून चिकटलेली होती. मिस्त्री म्हणाले, "काका, काच तो एक ज वार बोले." लाकूड आधी करकरते, लोखंड आधी वाकते, काच सूचना देत नाही, ती एकदाच बोलते. पुढे जे लिहिले आहे, त्यातील बरेचसे या मिस्त्रींनी आम्हांस त्या दुपारी आणि पुढील आठवड्यात शिकविले. हिशेब आमचा.

वजनाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि पेटी घेताना विसरतो. आमच्या पेटीचे आकारमान साडेचार घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे काठोकाठ भरल्यास १२७ लिटर. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेची अशी पेटी स्वतःच सुमारे ३५ किलो भरते. त्यात वीसेक किलो वाळू-खडे. पाणी काठापासून दोन इंच कमी भरले तरी एकूण भार दीडशे किलोंच्या पुढेच जातो. दोन धष्टपुष्ट माणसे एकमेकांस खेटून रात्रंदिवस एका जागी उभी राहिली, तर जो भार पडेल तो हा. लाकडी मजल्यावर ती कोठे उभी राहतात, यास महत्त्व आहे. तुळयांच्या मध्यावर, भिंतीपासून दूर, हे सर्वांत वाईट ठिकाण. पेटी वरच्या मजल्यावर ठेवणे भागच असेल, तर ती भिंतीलगत आणि तुळयांना आडवी ठेवावी, म्हणजे एकाच तुळईऐवजी दोन-तीन तुळया भार वाटून घेतात. आम्ही याच्या नेमके उलट केले होते. शक्य असेल तर खालच्या मजल्यासारखी जागा नाही.

आता बाजूच्या काचांवरचा दाब. पाणी जसे खाली भार टाकते तसे बाहेरही रेटते, आणि हा रेटा खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. खोली दुप्पट केली तर लांब काचेवरचा रेटा चौपट होतो. पेटीची रुंदी वाढविली तर मात्र त्यात काही फरक पडत नाही. आमच्या पेटीच्या पुढील काचेवर, ती काठोकाठ भरली असता, सुमारे ९५ किलो भाराइतका रेटा येतो. नातवाने ओतलेल्या दोन लोट्यांनी, म्हणजे दोन लिटरांनी, पाणी जेमतेम सात मिलिमीटर चढले आणि रेटा शेकडा साडेतीनच्या आसपास वाढला. एवढ्याने चांगली पेटी फुटत नाही. शिवाय पुढची काच शाबूत होती; फुटली ती तळाची. हा हिशेब आम्ही पाटीवर मांडला आणि नातवास वाचून दाखविला. पहिला आरोप तिथे संपला.

सपाट आणि पाणसळीत

आमची खरी चूक ही की, 'सपाट' आणि 'पाणसळीत' या दोन गोष्टी आम्ही एकच समजलो. गवंडी ज्याला पाणसळ म्हणतो, त्या बुडबुड्याच्या साधनाने एखादी फळी आडवी समतल आहे की कललेली, हे समजते. पण फळी समतल नसूनही सपाट असू शकते: एखादे उतरते पाट पाहा. आणि चारही कडांनी जवळजवळ समतल असूनही तिला पीळ असू शकतो, म्हणजे तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा खाली वा वर.

काचपेटीला थोडा कल सहन होतो. तीन फुटांत पाच मिलिमीटर कल असेल तर उतरत्या टोकाला पाणी तेवढेच खोल होते, आणि तेथील दाब शेकडा एकाच्या आसपास वाढतो. ते डोळ्यांस खुपते, पण त्याने अनर्थ होत नाही. पीळ मात्र सहन होत नाही. पाच काचा डिंकवून जी पेटी होते ती अतिशय ताठ असते. तिला घडवंचीबरोबर वळता येत नाही. अशी पेटी पिळलेल्या घडवंचीवर ठेवली की ती काही ठिकाणी टेकते आणि काही ठिकाणी अधांतरी राहते. सारा भार टेकलेल्या जागांवर येतो आणि काच वाकू पाहते. काच दाबणे सोसते, ताणणे सोसत नाही. वाकताना तिची एक बाजू ताणली जातेच.

पीळ कसा ओळखावा? मिस्त्रींनी घडवंचीच्या चारही कोपऱ्यांवर चुका मारून दोन दोऱ्या कर्णांप्रमाणे ताणल्या. पृष्ठभाग खरोखर सपाट असेल तर मध्ये दोन्ही दोऱ्या एकमेकींस निसटता स्पर्श करतात. आमच्या घडवंचीवर दोऱ्यांमध्ये तीन मिलिमीटरांची फट होती. येथे एक मेख आहे: वरची दोरी खालच्या दोरीवर दाबली जात असेल तर फट दिसत नाही, म्हणून एकदा पाहून झाल्यावर खालची दोरी वर घेऊन पुन्हा पाहावे. आणि दोऱ्यांत जी फट दिसते तिच्या दुप्पट तफावत एकट्या कोपऱ्यात असू शकते. आमचा एक कोपरा सहा मिलिमीटर खाली होता.

मग आम्ही काय केले? कोपरा घडवंचीचा खाली, आणि घडी सारली पेटीखाली. पेटीचा तो कोपरा बोटभर जागेवर उचलला गेला, भोवतालची काच अधांतरी राहिली, पाण्याने कागद भिजून दबत गेला आणि अकरा दिवसांत भार कुठून कुठे सरकला. आम्ही हे नातवास याच शब्दांत सांगितले, आणि वर म्हटले, "कागद तू ठेवलास, कारण मी सांगितलं म्हणून. चूक सांगणाऱ्याची." तो काही बोलला नाही. पण दोरीला बोट लावून त्याने ती टंकारून पाहिली, आणि फट पट्टीने मोजली. तीन मिलिमीटर. दुसरा आरोपही तिथेच संपला असे आम्ही मानतो.

तेव्हा पहिला नियम: दुरुस्ती नेहमी घडवंचीच्या पायांखाली करावी, घडवंची आणि पेटी यांच्यामध्ये कधीही नाही.

घडवंचीची बांधणी

नव्या घडवंचीसाठी आम्ही तीन इंची चौरस सागवानी पाय घेतले. उंची दोन फूट. वरच्या चौकटीस चार इंच रुंद, दीड इंच जाड पट्ट्या, आणि त्या उभ्या, कडेवर. याचे कारण सांगितले पाहिजे. फळीचा ताठपणा तिच्या उभ्या मापाच्या घनाप्रमाणे वाढतो. चार इंच रुंद आणि एक इंच जाड फळी आडवी टाकण्याऐवजी कडेवर उभी केली, तर तीच फळी सोळा पट ताठ होते. एका पैशाचेही लाकूड अधिक लागत नाही. आमच्या जुन्या घडवंचीत फळ्या आडव्या होत्या. त्या मध्ये वाकून पेटीचे बूड अधांतरी सोडत होत्या.

दुसरी गोष्ट: भार लाकडाने लाकडावर टाकावा, खिळ्यावर वा स्क्रूवर नव्हे. वरची चौकट पायांच्या डोक्यांवर बसली पाहिजे. पायांच्या बाजूस नुसती स्क्रूने लटकविलेली पट्टी आज धरेल, पावसाळ्यात लाकूड फुगून उन्हाळ्यात आकसले की स्क्रूचे भोक सैल होईल. पायाला खाच पाडून पट्टी तीत बसविणे उत्तम. स्क्रू तिला जागेवर धरण्यापुरता.

तिसरी गोष्ट: बाजूचा झोल. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छात झालेल्या भूकंपाचा हादरा बडोद्यातही सर्वांनी अनुभवला आहे. उभ्या भाराला भक्कम असलेली घडवंची आडव्या धक्क्याला पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोलमडू शकते. मागील बाजूस नऊ मिलिमीटर प्लायवुडचा अखंड पत्रा चारही कडांना स्क्रूने बसविला की चौकोनाचा समांतरभुज चौकोन होणे टळते. डाव्या-उजव्या बाजूंस तिरप्या पट्ट्या ठोकाव्यात. पेटी जेमतेम फूटभर रुंद असल्याने आम्ही घडवंची दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीसही बांधली, अर्थात सर्व पातळी जुळल्यानंतर.

चौकटीवर अठरा मिलिमीटरचे पाणी सोसणारे प्लायवुड. लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले स्वस्त तक्ते येथे मुळीच वापरू नयेत. कडेने पाणी शिरले की ते पावासारखे फुगतात आणि भुगा होतात. काचपेटीभोवती पाणी सांडणारच, हे धरून चालावे. कडांना दोन हात रंग वा वॉर्निश द्यावे.

या प्लायवुडवर अर्धा इंच जाडीचा थर्मोकोल. तो खडे, स्क्रूची डोकी, लाकडाचे लहानसहान उंचवटे पोटात घेतो. पण तो पीळ काढत नाही आणि कल काढत नाही. तसा भरवसा ठेवणारे पुष्कळ भेटतात. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. ज्या पेटीचे बूड उघड्या काचेचे आहे, तिला सर्व बूडभर थर्मोकोल हवा. ज्या पेटीला खाली प्लास्टिकची चौकट आहे आणि बुडाची काच त्या चौकटीत थोडी वर उचललेली आहे, तिच्याखाली थर्मोकोल घालू नये; तो मध्ये फुगून काचेस खालून ढोसतो. अशी पेटी केवळ कडांवर टेकण्यासाठी केलेली असते, तिला सरळ, सपाट कडाच हव्यात.

ढाळ आणि पाय

पेटी खालच्या मजल्यावर, माजघरात आणावयाचे ठरले. पण आपल्या घरांच्या फरशीला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. धुतलेले पाणी मोरीकडे वाहून जावे म्हणून जुन्या गवंड्यांनी तो हिशेबाने दिला आहे. तेव्हा फरशी समतल नसणे हा तिचा दोष नव्हे. तो तिचा धर्म आहे. आमच्या माजघरात तीन फुटांत बारा मिलिमीटर ढाळ निघाला.

पाणसळीवर विश्वास ठेवण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. ती फळीवर ठेवून बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे, मग तिची टोके फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूस तेवढाच सरकला तर फळी कललेली; बाजू बदलली तर पाणसळच खोटी. आजकाल मोबाईलमध्येही पाणसळ येते. ती वापरावयाची तर यंत्राच्या पाठीवरील कॅमेऱ्याचा उंचवटा लक्षात घ्यावा आणि तो कडेवर उभा ठेवून मोजावे. आणि ज्यास हे काहीच उपलब्ध नाही त्याने हातभर पारदर्शक नळीत पाणी भरावे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीस उभे राहते. याहून खरी पाणसळ कोणत्याही दुकानात मिळत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावातून शहरात पाणी आणले गेले तेही पातळ्यांच्या हिशेबावरच, केवळ उताराने.

घडवंची फरशीवर ठेवून मिस्त्रींनी उतरत्या बाजूच्या पायांखाली लाकडी पाचरी मारल्या आणि ती लांबीला, रुंदीला व दोन्ही कर्णांवर पाणसळीत आणली. पुन्हा दोऱ्या ताणल्या. मग त्यांनी एक लाकडी ठोकळा घेतला, त्यावर पेन्सिल आडवी धरली आणि ठोकळा फरशीवरून सरकवीत चारही पायांभोवती रेघ ओढली. फरशीपासून त्या रेघेची उंची सर्वत्र एकच. घडवंची उलटी करून पाय त्या रेघांवर कापले आणि ती पुन्हा उभी केली, तेव्हा पाचर न मारता ती चारही पायांवर टेकली. फरशीचा ढाळ पायांत उतरला होता.

ज्यांना पाय कापणे शक्य नाही, त्यांनी पाचरी कायमच्या ठेवाव्यात, पण त्या पत्र्याच्या, पितळेच्या वा कठीण प्लास्टिकच्या असाव्यात, आणि पायाच्या सर्व बुडाला आधार देतील इतक्या रुंद असाव्यात. पुठ्ठा, कागद, मऊ लाकूड यांना येथे थारा नाही. पेटीत पाणी असताना पाचर मारू नये. पेटी आधी रिकामी करावी. लोखंडी कोनपट्टीची घडवंची असेल तर प्रत्येक पायाखाली चार इंच चौरस जाड पत्रा ठेवावा, नाहीतर चाळीस-पंचेचाळीस किलोंचा भार त्या बोटभर टोकाखाली फरशी फोडतो.

पाणी भरताना

नवी पेटी आम्ही प्रथम अंगणात, थर्मोकोल अंथरलेल्या सपाट दगडावर भरून चोवीस तास ठेवली. पेटी घरी चिकटविली असेल तर सिलिकोन पुरते वाळू द्यावे. त्याचा शिरक्यासारखा वास पूर्ण जाईपर्यंत आणि त्यावर चार-सहा दिवस धीर धरावा.

मग रिकामी पेटी घडवंचीवर, तिच्या कडा चौकटीच्या कडांवर येतील अशी ठेवली. पेटीचा कोणताही भाग बाहेर लोंबता नको. प्रथम चौथाई पाणी. तासभर थांबून चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावयाचे. पाणी स्वतःच पाणसळ आहे. ते खोटे बोलत नाही. मग निम्मे, पुन्हा मोजणी. मग पूर्ण, पुन्हा मोजणी. कोठेही अंतर बदलू लागले तर पाणी काढावे आणि पायांकडे जावे. भरलेली वा अर्धवट भरलेली पेटी कधीही, कोणत्याही कारणास्तव, उचलू वा सरकवू नये. लाकूड भाराखाली पहिले काही दिवस बसते, म्हणून आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा मोजावे. विजेची वायर पेटीतून सरळ बटणाकडे न नेता तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते. पेटीखाली, वा ती वर असेल तर तिच्याखालच्या खोलीत, जे भिजून चालणार नाही ते काहीही ठेवू नये. हे शेवटचे वाक्य आम्ही स्वतःसाठी लिहिले आहे.

मोजणीचे काम नातवाने मागून घेतले. शाळेची सहा इंची पट्टी घेऊन तो चारही कोपऱ्यांत वाकून पाहत होता आणि आकडे वहीत उतरवीत होता. पूर्ण भरल्यावर तीन कोपऱ्यांत ५१ मिलिमीटर आले, एका कोपऱ्यात ५०. त्याने विचारले, "आजोबा, एक चालेल?" आम्ही मिस्त्रींकडे पाहिले. ते हसून म्हणाले, पट्टी तिरपी धरली असशील, पुन्हा मोज. त्याने मोजले. एक्कावन्न आले. मग तो बादलीतले तीन मासे आणावयास गेला. नळाचे पाणी आम्ही आदले चोवीस तास उघडे ठेवून क्लोरीन उडू दिले होतेच.

त्या रविवारी त्याचे आई-वडील परत निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला नाही. सूनबाईंचा चेहरा किंचित उतरला. आत जाऊन पाहतात तो चिरंजीव पेटीसमोर पट्टी घेऊन बसलेले. म्हणाला, "आई, थांब, आठवड्याची मोजणी आहे आज. मग येतो." आणि एक्कावन्न, एक्कावन्न असे चारदा मोठ्याने म्हणून तो धावत दाराशी गेला.

वडिलांच्या आराखड्यांपैकी जे वाचले ते आता भिंतीतील कपाटात, वरच्या फळीवर आहेत. पांढरे पडलेले पाचही आम्ही टाकलेले नाहीत.

पुढील महिन्यात मोरीचा ढाळ आणि तुंबणारे पाणी यांविषयी लिहू. त्या कामात आम्ही आधी मिस्त्रींना विचारले आहे.